हिवाळ्यातली परसबाग आणि वारीचा नेम

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात एका गावी कीर्तन झाले. चरित्र सावता महाराजांचे होते. कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध माळकरी जवळ आले आणि म्हणाले, "महाराज, गुडघे गेले. औंदा कार्तिकी चुकली. परसात चार वाफे आहेत, तेवढंच आता हातून होतं. आमची वारी संपली म्हणायची का?" मी शास्त्राधार सांगू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "महाराज, तुम्ही कधी वाफा खुरपलाय का?" मला उत्तर देता येईना. तीस वर्षे सावतोबांचे चरित्र गाईले, पण हाताला माती लागली नव्हती. घरी येऊन प्रथम वाफे धरले. त्यातून जे कळले तेच आजच्या पाठात सांगतो.

काळ. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत सांगितले आहे की, हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो. त्याला पुरेसे अन्न मिळाले नाही तर तो देहातला रसच जाळतो. आपल्या वाडवडिलांनी हे शास्त्र सणांत बसवून ठेवले. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अनेक घरांत चंपाषष्ठीला भरीत होऊन पानात येते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशी वांगी, गाजर, पावटा, घेवडा, सोलाणे आणि तिळाचे कूट यांची लेकुरवाळी भाजी. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. ऋतूने दिले तेच ताटात, बरं का!

कृती. दक्षिणायनात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली उत्तरेला लांब पडते. म्हणून हिवाळ्याचा वाफा घराच्या दक्षिणेला, उन्हात धरावा. मेथी एकदम सगळी पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एकेक पट्टा पेरावा. महिन्याभरात पहिला उपटायला येतो, तोवर दुसरा वर आलेला असतो. धणे रगडून त्यांच्या दोन फोडी कराव्यात, रात्रभर भिजवावेत, मग पेरावेत. अख्खे धणे पेरून मी पहिला वाफा वाया घालवला. पालक मुळासकट उपटू नये. चार बोटे राखून कापला की पुन्हा फुटतो. लसणाची पाकळी टोक वर करून लावावी. तिला सुमारे चार महिने लागतात. पात पिवळी पडू लागली की गड्डा तयार झाला म्हणावे.

थंडीत पाणी बेताने द्यावे. बोट खुपसून पाहावे. आत ओल असेल तर त्या दिवशी पाणी नको. भाज्या-डाळी धुतलेले पाणी वाफ्यात सोडावे. आभाळ आले की पावट्यावर मावा पडतो. सकाळी पानांवर दंव असताना चुलीची राख चाळून भुरभुरावी. तेवढ्याने भागले नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. शहरात परस नसेल तर गॅलरीत बुडाला भोके पाडलेला जुना डबाही चालतो. मेथी-कोथिंबिरीला तेवढी जागा पुरते.

भाव. पान, फूल, फळ, पाणी यांपैकी जे भक्तीने दिले ते मी स्वीकारतो, असे भगवंत गीतेच्या नवव्या अध्यायात सांगतात. आणि तिसऱ्या अध्यायात, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असेही बजावतात. तेव्हा पहिली जुडी देवाची, दुसरी शेजाऱ्याची, मग आपली. मेथीच्या वाफ्याला हे अवघड नाही. एकदम इतकी येते की वाटल्यावाचून गत्यंतरच नसते!

शंका. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मग आम्ही तरी का जावे?

समाधान. पाय चालत असताना घरी बसण्यासाठी सावतोबांचे नाव पुढे करू नये. मोट, नाडा, खुरपे हातात असताना त्यांच्या मुखी नाम होते. आपण खुरपताना शेजाऱ्याची निंदा करू लागलो, तर तो नुसता भाजीपाला झाला. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीला अरण येथे महाराज समाधिस्थ झाले. आजही आषाढात विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. जो काम करता करता देवाला विसरला नाही, त्याच्याकडे देव जातो, एवढाच याचा अर्थ.

गेल्या माघीला मी त्या वृद्ध माळकऱ्यांकडे गेलो होतो. पंढरीला निघालेली एक दिंडी त्यांच्या गावी दुपारच्या पंगतीला थांबते. भल्या पहाटेपासून ते पाटावर बसून, नाम घेत, मेथी आणि मुळे उपटत होते. टोपल्या भरून पंगतीला गेल्या. दिंडी निघाली तेव्हा ते वेशीपर्यंत काठी टेकत आले आणि तिथूनच हात जोडले. मला म्हणाले, "महाराज, माझी मेथी निघाली पंढरीला."

त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला आता वेगळे द्यावे लागले नाही.

रामकृष्णहरि.