खुब्याचा अस्थिभंग : थांबायचे ते कशासाठी?

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि मुंबई–गोवा महामार्ग यांच्या तोंडाशी पनवेल वसलेले असल्यामुळे येथील अस्थिरोग विभागांत रस्त्यावरील अपघातांत जखमी झालेले तरुण येतात, तसेच पेण, उरण, खालापूर या बाजूंनी न्हाणीघरात पाय घसरून पडलेले वृद्धही येतात. या वृद्धांच्या शस्त्रक्रियेची वेळ कशी ठरावी, याविषयीचा पुढील संवाद पनवेलमधील एक अस्थिशल्यविशारद आणि एक जिज्ञासू यांच्यात कल्पिला आहे.

जिज्ञासू : डॉक्टर, खुबा मोडलेला वृद्ध शुद्धीवर असतो, बोलतो, रक्तस्रावही बाहेर दिसत नाही, मग पायाला वजन लावून, म्हणजे ट्रॅक्शन देऊन, चार-पाच दिवसांनी सवडीने शस्त्रक्रिया केली, तर काय बिघडते?

शल्यविशारद : हाडाचे फारसे बिघडत नाही, माणसाचे बिघडते. उताणे पडून राहिल्याने फुप्फुसांच्या तळाशी कफ साचून न्यूमोनिया होतो, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या धरतात, माकडहाडापाशी त्वचा काही तासांतच दबून पुढे बेडसोर होतात, आणि वेदना, अपुरी झोप व गुंगीची औषधे यांमुळे कालपर्यंत हिशेब ठेवणारा माणूस आज नातवाला ओळखत नाही. या अवस्थेला संभ्रमावस्था म्हणतात आणि घरच्यांना ती ‘म्हातारचळ’ वाटते.

जिज्ञासू : हाड नेमके कोठे मोडले, यावर घाई अवलंबून नसते का?

शल्यविशारद : तरुणांत असते. मांडीच्या हाडाचा गोल माथा ज्या अरुंद भागावर टेकलेला असतो त्याला मान म्हणतात, आणि माथ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या या मानेवरूनच वर जातात. मान मोडून हाड सरकले की माथा निर्जीव होण्याचा धोका असतो, म्हणून तरुणांत तो वाचवण्याची धडपड असते. वृद्धांत मात्र सरकलेला माथा सहसा काढून कृत्रिम बसवतात, आणि अस्थिभंग मानेच्या खाली असेल तर हाडाच्या पोकळीत सळई घालतात. दोन्ही ठिकाणी घाई असते ती रुग्णाला लवकर उठवून बसवण्याची.

जिज्ञासू : मग सहा तासांत शस्त्रक्रिया उरकणे उत्तम?

शल्यविशारद : तसे सिद्ध झालेले नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ४२,२३० रुग्णांच्या नोंदींवरून २०१७ साली असे दिसले, की प्रतीक्षा २४ तासांपुढे गेल्यावर गुंतागुंत व मृत्यू वाढतात. परंतु थांबावे लागणारे रुग्ण पुष्कळदा मुळातच अधिक आजारी असल्यामुळे अशा नोंदींतून कार्यकारणभाव काढताना सावध राहावे लागते. त्यानंतर १७ देशांतील, भारतासह, २,९७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून झालेल्या ‘हिप अटॅक’ या चाचणीत (२०२०) निदानानंतर साधारण ६ तासांत आणि साधारण २४ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या गटांची तुलना झाली. ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ९ व १० टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत मात्र संभ्रमावस्था कमी आढळली आणि ते लवकर चालू लागले. येथे तुलना सहा तासांची चोवीस तासांशी आहे, चार दिवसांशी नाही, हे विसरले जाते. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे २०११ पासून दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया सुचवतात.

जिज्ञासू : पण हृदयविकार असेल तर ‘फिटनेस’ मिळेपर्यंत थांबणे भागच आहे ना?

शल्यविशारद : थांबून काय सुधारणार आहे, हे आधी सांगता आले पाहिजे. पोटॅशियमचे बिघडलेले प्रमाण, फार वाढलेली साखर, अनियंत्रित वेगवान ठोके, छातीतील संसर्ग यांवर काही तासांत उपचार सुरू होतात. जुने दुबळे हृदय चार दिवसांत बळकट होत नाही. टू-डी एको या हृदयाच्या तपासणीमुळे भूल कशी द्यावी हे बदलू शकते, परंतु केवळ त्याच्या तारखेसाठी दोन दिवस दवडणे अनाठायी आहे. रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांपैकी क्लोपिडोग्रेलसाठी सहसा थांबत नाहीत; वॉरफरिनचा परिणाम जीवनसत्त्व ‘के’ देऊन उतरवता येतो; रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांसाठी मात्र मूत्रपिंडांची क्षमता पाहून एखादा दिवस थांबावे लागते.

जिज्ञासू : पनवेल परिसरात उशीर कोठे होऊ शकतो?

शल्यविशारद : बराचसा रुग्णालयाच्या दाराबाहेर. मुका मार समजून तेल चोळणे, हाड बसवणाऱ्याकडे नेणे, परगावच्या मुलाची वाट पाहणे, पैशांची जुळवाजुळव करणे. उपचारांचा खर्च उचलणारी आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत पनवेलचा रायगड जिल्हा होता. तिच्याखालील उपचारांना पूर्वमंजुरी लागते, म्हणून शिधापत्रिका व ओळखपत्र रुग्णाबरोबरच आणणे हाही वेळेचाच भाग ठरतो. रुग्णालयात शिरल्यावर महामार्गावरचा रक्तबंबाळ जखमी यादीत वर चढतो, जे योग्यच आहे; अयोग्य आहे ते न्हाणीघरात पडलेल्या आजींचे नाव त्यामुळे रोज खाली जाणे.

जिज्ञासू : तोवर रुग्णासाठी काय करता येते?

शल्यविशारद : जांघेपाशी सुईने मज्जातंतू बधिर केले की वेदना व गुंगीच्या औषधांची गरज दोन्ही कमी होतात. मध्यरात्रीपासून कोरडे ठेवण्याची प्रथा सोडून, भूलतज्ज्ञाची हरकत नसल्यास, भुलेच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी द्यावे. आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर गेली, तर तो निर्णय लगेच वॉर्डातील परिचारिकेला कळवून रुग्णाला जेवू घालावे.