काउंटरच्या आतली बाजू

बँकेतली माझी बहुतेक नोकरी गिरगाव, दादर आणि लालबाग या पट्ट्यात गेली. क्लार्क म्हणून लागले, शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. आता ओळखीतली तरुण मुलं पहिल्यांदा शाखा हातात घेतात तेव्हा विचारतात, "मॅडम, ग्राहकसेवा सुधारायची तर सुरुवात कुठून करू?" मी सांगते, पहिले काही दिवस काउंटरच्या आत बसलेल्यांकडे नीट बघा. सकाळी आत कुणाचा पाणउतारा झाला असेल, तर दुपारपर्यंत तो बाहेरच्या रांगेला भोगावा लागतो.

हे मी लालबागच्या शाखेत पाहिलं. अनंत चतुर्दशी झाली की तिथे मंडळांच्या दानपेट्यांतली नाणी येतात, पोती भरभरून. हळदकुंकू लागलेली, फुलांच्या पाकळ्या चिकटलेली. नाणी नाकारायची नाहीत अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे, त्यामुळे ती घ्यावीच लागतात. रोजचं काम थांबत नाही आणि नाण्यांनी बोटं काळी होतात. या दिवसांत कॅश विभागात रजेचे अर्ज वाढायचे, मंडळाच्या पोरांवर खेकसणं चालायचं. मग एक मॅनेजर आले. ते तीन वाजल्यानंतर केबिन सोडून शिपायाशेजारी नाण्यांच्या टेबलावर बसायचे आणि थप्प्या लावायचे. संध्याकाळी ज्याला उशीर झाला असेल त्याला पुढच्या आठवड्यात लवकर सोडायचे, न मागता. रजेचे अर्ज थांबले. पुढच्या वर्षी मंडळाचे कार्यकर्ते आपणहून नाणी पुसून, वेगवेगळी करून आणू लागले. ग्राहकसेवेच्या कुठल्याही प्रशिक्षणात मला इतकं शिकायला मिळालं नाही.

त्यांची बदली झाली आणि विम्याची टार्गेट आली. सरकारी बँकांतून २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत लाखभर माणसं आधीच बाहेर पडली होती, काउंटर ओस पडले होते. त्यात हे नवं काम. विमा कंपनी बँकेला कमिशन देते, आणि दरवर्षी हप्ता भरायच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षाचं कमिशन सर्वांत जास्त असतं. म्हणून वरून जोर तिच्यावरच. रोज सकाळी झोनल ऑफिसचा कॉन्फरन्स कॉल. काल कुणी किती पॉलिसी काढल्या ते नावानिशी वाचलं जायचं आणि ज्याच्या नावापुढे शून्य, त्याची सगळ्यांदेखत झडती.

आमच्याकडे एक कॅशियर होता. कुणाचा मुलगा गावाला आहे, कुणाचं पेन्शन अडलंय, हे त्याला तोंडपाठ. नव्या साहेबांनी नेमकं त्यालाच कॅशमधून उठवून विक्रीच्या टेबलावर बसवलं, कारण लोकांचा त्याच्यावर विश्वास होता. आयुष्यभर चांगलं वागून त्याने जे कमावलं होतं, ते बँकेने विकायला काढलं. त्या निर्णयाची चीड मला आजही येते.

परळच्या चाळीतल्या एक आजी मुदत ठेव पुन्हा ठेवायला आल्या. नवरा गिरणीत होता. १९८२ च्या संपानंतर खानावळ चालवून त्यांनीच घर सावरलेलं. कॅशियर म्हणाला, "मावशी, यात जास्त मिळेल." त्यांनी सही केली. वर्षाने दुसऱ्या हप्त्याचं पत्र आलं तेव्हा ते घेऊन त्या त्याच्यासमोर बसल्या. "बाळा, मी एकदाच पैसे ठेवले होते ना रे?" त्याला मान वर करता येईना. पॉलिसी परत करायची मुदत तेव्हा पंधरा दिवसांची होती, ती केव्हाच उलटली होती. मी त्यांना लेखी अर्ज करून दिला: वय, उत्पन्न नाही, ठेव मोडून हप्ता घेतला, पुढचे हप्ते भरण्याची ऐपत नाही. बऱ्याच खेपांनंतर पॉलिसी रद्द होऊन पैसे मिळाले. आजींनी खातं मात्र दुसरीकडे नेलं, मागोमाग चाळीतल्या इतर बायकांनीही. कॅशियरने मागून घेऊन पुन्हा कॅश धरली. पण आता तो फक्त स्लिप घ्यायचा आणि शिक्का मारायचा. कुणाच्या घरची चौकशी करणं त्याने सोडून दिलं.

म्हणून शाखा चालवणाऱ्यांना कळकळीने सांगते, काउंटरवरचा सर्वांत चांगला माणूस विक्रीला लावू नका. टार्गेट वरून येणारच, पण त्याचा मार तुमच्या केबिनपर्यंत थांबवा. कान उपटायचे तर दार लावून. शाबासकी हॉलमध्ये, आणि नेमकं काय चांगलं केलं ते सांगून. पासबुक, नाणी, पेन्शन ही त्रासाची काउंटरं एकाच्याच गळ्यात कायमची बांधू नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गिरगावातले म्हातारे जिने उतरून येतात, तेव्हा एक माणूस फक्त त्यांच्यासाठी द्या. सर्व्हर बंद पडला तर रांगेसमोर स्वतः उभे राहा. लोक यंत्रावर चिडलेले असतात, शिव्या मात्र समोरच्या पोरीला बसतात.

ग्राहकांच्या गाऱ्हाण्यांवर तलवार समिती १९७५ साली नेमली गेली, गोईपोरिया समिती १९९० साली. कामाची वेळ संपण्याआधी जो शाखेत शिरला त्याचं काम करूनच द्यायचं, हा गोईपोरिया समितीच्या सूत्रांतला नियम मला फार आवडतो. पण तो पाळताना बदलापूरला राहणाऱ्या क्लार्कची लोकल चुकते आणि घरी तिचं मूल वाट बघत असतं. तिचा तो वेळ भरून दिला नाही, तर नियम कागदावर राहतो आणि वेळ संपायच्या आधीच शटर अर्धं खाली येतं.

ग्राहकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ओळखीचा कर्मचारी गोड बोलून काही पुढे करतोय असं वाटलं तर त्याला सरळ विचारा, ही ठेव आहे की विमा? किती वर्षं भरायचे? मध्येच थांबवलं तर हातात किती येतील? उत्तर त्याच्या अक्षरात लिहून मागा आणि सही घरी जाऊन, मुलासुनेला दाखवून करा. पॉलिसी हाती आल्यावर परत करायला आता तीस दिवस मिळतात. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. चेक पेटीत टाकायची सक्ती कुणी करू शकत नाही, काउंटरवर दिलात तर पोच मिळालीच पाहिजे. सत्तरीपुढच्या आणि आजारी माणसांना घरपोच मूलभूत सेवा द्यावी, अशा सूचना २०१७ पासून आहेत. शाखेत जाऊन त्याची चौकशी करा.

आणि कुणी चांगलं काम केलं तर तेही लिहून द्या. दादरच्या फुलबाजारातल्या बायका पहाटेच्या धंद्यातल्या ओल्या, फाटक्या नोटा आणायच्या. आमची एक मुलगी त्या न कंटाळता पंख्याखाली वाळवून, जुळवून बदलून द्यायची. त्या बायकांनी एकीच्या मुलाकडून अर्ज लिहून घेतला, खाली सह्या आणि अंगठे केले. तो अर्ज मी तिच्या फाइलला लावला आणि एक प्रत झोनल ऑफिसला पाठवली. अर्जात कर्मचाऱ्याचं पूर्ण नाव, तारीख आणि नेमकं काय केलं एवढं असलं की पुरे.