मेंदूच्या तीन माता

काचेचे भांडे लाकडी पेटीत नुसतेच ठेवून प्रवासास निघालो, तर ते त्या पेटीवरच आपटून फुटते. म्हणून आपण भोवती पेंढा भरतो. कवटीच्या पेटीत मेंदू ठेवताना निसर्गानेही हीच दक्षता घेतली आहे. मेंदू आणि त्याच्यापासून निघून पाठीच्या कण्यातून खाली गेलेला मेरुरज्जू या दोहोंभोवती एकात एक अशी तीन आवरणे आहेत. शास्त्रात त्यांस तानिका म्हणतात.

आम्ही पडलो भाषेचे विद्यार्थी. तेव्हा प्रथम नावांकडे वळतो. दहाव्या शतकातील इराणी वैद्य अली इब्न अल्‌-अब्बास याने आपल्या अरबी ग्रंथात या आवरणांना 'माता' म्हटले. अँटिऑकच्या स्टीफनने 1127 साली त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर पुरे केले. त्यातून बाहेरचे आवरण 'ड्युरा मेटर', म्हणजे कठोर माता, आणि आतले 'पाया मेटर' झाले. अरबीत आतल्या आवरणास 'पातळ, नाजूक' असे विशेषण होते. लॅटिनमध्ये त्याची 'भाविक' माता झाली! भाषांतरातील ही गंमत आजही जगभरच्या वैद्यांच्या तोंडी आहे.

बाहेरची दृढ तानिका चामड्यासारखी चिवट असून कवटीला आतून चिकटलेली असते. मधली जाल तानिका कोळ्याच्या जाळ्यासारखी तलम असते. आतली मृदु तानिका मेंदूच्या प्रत्येक वळीत शिरून त्यास बिलगून राहते. मधल्या व आतल्या आवरणांमध्ये पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळतो. प्रौढ माणसात मेंदूच्या आतला व बाहेरचा मिळून तो सुमारे 150 मिलिलिटर असतो. रोज सुमारे 500 मिलिलिटर नवा तयार होतो आणि जुना रक्तात मिसळतो. विहिरीतून पाणी शेंदताना घागर पाण्यात असेतो हलकी लागते, वर येताच जड होते, हे आपण जाणतोच. त्याच न्यायाने सुमारे 1400 ग्रॅमच्या मेंदूचा भार या द्रवात जेमतेम 50 ग्रॅम उरतो.

मेरुरज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. आवरणांची द्रवाने भरलेली पिशवी मात्र आणखी खाली जाते. तेथे सुई घातल्यास रज्जूला इजा न होता द्रव काढता येतो. जर्मन वैद्य हाइनरिक क्विंके याने 1891 साली ही रीत प्रचारात आणली. आवरणांना जंतूंमुळे दाह झाला की नाही, हे या द्रवाच्या तपासणीने कळते. तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, ओकारी, उजेड न सोसणे, मान ताठून हनुवटी छातीस न टेकणे, ही त्या दाहाची लक्षणे होत. अशा वेळी रुग्णालय गाठण्यास एक तासही दवडू नये. या रोगाच्या काही प्रकारांवर लसी आहेत. त्या वेळेवर टोचून घ्याव्यात.

आता तुमच्या खेळाविषयी. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूस दृढ तानिकेची एक धमनी जाते. तेथे चेंडूचा जोराचा तडाखा बसून हाड पिचले, तर ती धमनी फाटून हाड व आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. मुलगा क्षणभर भोवंडतो, उठतो, हसतो, पुन्हा खेळतो. काही तासांनी डोके ठणकते, ओकाऱ्या होतात, गुंगी येते. घरची माणसे म्हणतात, "दमला असेल, झोपू द्या." हीच झोप घातक ठरते. वेळीच शस्त्रक्रिया झाली, तर मात्र असा मुलगा पूर्ण बरा होऊ शकतो.

म्हणून, डोक्यास मार लागला, तर बोलणी बसतील या भयाने तो लपवू नका. शिक्षकांस सांगा, घरी सांगा. सोबत्यास लागले असेल, तर त्याच्या वतीने तुम्ही सांगा. दुचाकीवर बसताना शिरस्त्राण घाला. आत तीन माता अहोरात्र जपत आहेत. परंतु त्यांना वाचा नाही. बोलायचे ते आपणच.