खोडकिडीचा पतंग ओळखा



सुरू लागण उगवून महिना-दीड महिना झाला आणि ऊन तापू लागलं, की गटागटातून एकच तक्रार येते – "पोंगे वाळायला लागलेत." कुणी म्हणतं पाणी कमी पडलं, कुणी म्हणतं बेणं खराब. वाळलेला पोंगा हातानं ओढून पाहा. अलगद वर आला आणि बुडाला कुजका वास आला, तर ती खोडकीड समजावी.

या किडीचा पतंग लहान, वाळल्या गवतासारखा तपकिरी. दिवसा पाल्यात दडतो, रात्री फिरतो. म्हणून तो आपल्या नजरेस पडत नाही. मादी पानाच्या खालच्या बाजूस चपटी, पांढुरकी अंडी पुंजक्यानं घालते. माशाच्या खवल्यांसारखी ती एकावर एक असतात. चार ते सहा दिवसांत अळ्या निघतात. अळीच्या अंगावर पाच जांभळट पट्टे असतात. ती जमिनीलगत कोंबाला भोक पाडून आत शिरते व गाभा खाते. तीन-चार आठवड्यांनी कोंबातच कोष करते. तत्पूर्वी पतंगाला बाहेर पडण्यास वाटही करून ठेवते! आठवडाभरात नवा पतंग तयार.

एक अळी एका कोंबावर थांबत नाही, शेजारचेही धरते. मेलेल्या कोंबाच्या बुडातून नवे फुटवे येतात खरे, पण ते मागास राहतात. त्याचा हिशेब शेवटी काट्यावर कळतो. कांड्या सुटल्यावर किडीचा जोर ओसरतो, म्हणून पहिले तीन-चार महिने जपावे.

उपाय असे :

१) वाळलेले कोंब जमिनीलगत कापून अळीसह नष्ट करावेत. नुसता पोंगा उपटला तर अळी आतच राहते.

२) दीड महिन्याच्या सुमारास बाळबांधणी करावी. सरीत पाचट पसरावे, पाण्याची पाळी चुकवू नये.

३) ट्रायकोग्रामा ही जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची माशी किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, त्यातून अळीऐवजी माशीच निघते. तिची कार्डे ऊन उतरल्यावर पानाखाली टाचावीत. त्यानंतर विषारी औषध फवारू नये, नाहीतर आपलाच राखणदार मरेल.

मात्र ही माशी फक्त अंडी मारते. अळी कोंबात शिरल्यावर कार्डाचा उपयोग नाही. तेव्हा पोंगे वाळायची वाट पाहू नका. लागण महिन्याची झाली, की फडात जाऊन पानं उलटून पाहा आणि कार्डांची मागणी गटातील शेतकी कर्मचाऱ्याकडे आधीच नोंदवा.