दाढेशी धरलेली गोळी

बीडजवळ बिंदुसरा नदीवरच्या धरणापाशी पाली हे गाव आहे. या जिल्ह्यातून दर वर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. समजा, तिकडे कोपीवर असताना पालीच्या कोणा मजुराची दाढ रात्री ठणकू लागली. दंतवैद्य लांब, आणि खाडा केला तर मजुरी बुडते. मग दुकानातून ॲस्पिरिनची गोळी आणून ती दुखऱ्या दाढेशी गालात धरली जाते. शहरातली सुशिक्षित माणसेही हेच करतात बरे! दुखते तेथेच औषध लावावे, हा विचार वरवर पटतो. पण येथे तो चुकतो.

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल. गालाचे आतले अस्तर नाजूक असते. त्यावर गोळी विरघळली, की आम्लामुळे पेशींतील प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे साखळतात. पांढरा चट्टा पडतो आणि तो निघाला की खाली जखम! दाढ दुखतच राहते ती राहतेच.

दाताच्या आत मऊ गर असतो. त्याला रक्त मिळते ते मुळाच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून. गिळलेली गोळी जठर व लहान आतडे यांतून रक्तात शिरते आणि या वाटेने गरापर्यंत पोचते. सुजलेल्या भागात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात व वेदना वाढवतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मिती रोखते, हे जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

रक्तात शिरलेले औषध मात्र दाढेपुरते थांबत नाही. ॲस्पिरिनमुळे रक्त गोठवणाऱ्या रक्तपट्टिका निकामी होतात, आणि त्या प्रत्येकीच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे ८-१० दिवसांत, सुधारत नाहीत. दाढ काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागतो तो यामुळे. म्हणून घेतलेली प्रत्येक गोळी दंतवैद्याला आधी सांगायची. हृदयविकारासाठी चालू असलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि १६ वर्षांखालील मुलांना ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नये.

आता प्रतिजैविकांचे पाहा. कीड खोल गेली की गर मरतो आणि त्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. जंतू आत सुरक्षित राहतात. गोळी कितीही भारी असो, वाटच बंद झाल्यावर औषध पोचणार कसे? सूज पसरली किंवा ताप आला तर डॉक्टर प्रतिजैविक देतात, पण ते भोवतालच्या जिवंत भागासाठी. आतली घाण दंतवैद्यालाच काढावी लागते, नाहीतर दाढ काढावी लागते.

गंमत अशी, की त्या वेळी दिलेल्या बधिरतेच्या इंजेक्शनात रक्ताची ही वाहतूकच नको असते! लिग्नोकेन हे औषध मज्जातंतूजवळ टिकावे लागते. म्हणून त्यात अनेकदा १:८०,००० या प्रमाणात, म्हणजे ८० लिटरला १ ग्रॅम इतके, ॲड्रेनॅलिन मिसळलेले असते. एवढ्यानेही तेथील रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध लवकर वाहून जात नाही.