शांती देणारा तलवारीची भाषा का करतो?

प्रश्न : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नुकतीच पुन्हा वाचली. त्यांच्या पतीच्या बाप्तिस्म्यानंतर त्या घराची झालेली ताटातूट वाचवत नाही. त्यातच आमच्या नात्यातल्या एका तरुणानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तेव्हापासून त्या घरात बापलेकांचा अबोला आहे. ख्रिस्ताला तुम्ही शांतीचा राजा म्हणता. मग त्याच्या मागे गेलं की घरं का फुटतात? आपण शांती नव्हे तर तलवार आणायला आलो आहोत, असं तो स्वतःच म्हणाल्याचं ऐकलं, ते खरं का?

उत्तर : हो, खरं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ते वचन आहे आणि ते गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. त्यानंतर येशू घरातली नातीच मोजतो. मुलगा बापाच्या विरोधात, मुलगी आईच्या विरोधात, सून सासूच्या विरोधात. माणसाचे वैरी त्याच्याच घरचे होतील, हेही तो सांगतो. त्याच्या कितीतरी शतकं आधी मीखा संदेष्ट्यानं आपल्या काळाची अवस्था याच शब्दांत मांडली होती. ऐकणाऱ्या यहुद्यांना तो संदर्भ ओळखीचा होता.

मात्र हे बोलणं कोणापुढे झालं ते पाहायला हवं. बारा शिष्यांना येशू पहिल्यांदाच गावोगाव पाठवत होता. कमरेला पैसे बांधू नका, दुसरा अंगरखा घेऊ नका, काठीसुद्धा नको. लोक तुम्हाला न्यायसभांच्या हवाली करतील, फटके मारतील. त्या निरोपातलीच ही पुढची ताकीद आहे. ज्यांना काठी बाळगायची मुभा नव्हती, त्यांच्या हाती तलवार कुठून येणार? ती त्यांच्यावर चालणार होती. येशूला पकडायला लोक आले त्या रात्री एका शिष्यानं खरोखरच तलवार उपसली आणि प्रमुख याजकाच्या दासाचा कान कापला, तेव्हा येशूनं त्याला ती म्यानात घालायला लावली. लूक तर सांगतो की त्यानं त्या दासाचा कान बरा केला.

हे इतक्या स्पष्टपणे लिहिण्याचं कारण आहे. याच येशूचं नाव घेणाऱ्यांनी पुढे क्रूस छातीवर लावून धर्मयुद्धं केली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय आलं आणि माणसांना श्रद्धेसाठी तुरुंगात आणि चितेवर नेण्यात आलं. ते पाप होतं. तलवारीचं वचन त्या पापाच्या समर्थनाला लावणं म्हणजे त्या वचनाचा अर्थच उलटा करणं. शिष्याला घाव सोसावा लागेल, एवढंच ते सांगतं. घाव घालायची परवानगी त्यात नाही.

आता घाव का बसतो, याकडे येऊ. माणसाचं मन कोणाशी बांधलेलं आहे, यावर त्याच्याभोवतीची सगळी घडी उभी असते. घराला वाटतं, पहिला हक्क आमचा. जातीला वाटतं आमचा, राज्याला वाटतं आमचा, धंद्याला वाटतं आमचा. येशू हे हक्क नाकारत नाही, पण पहिला हक्क स्वतःकडे मागतो. एकदा ती जागा बदलली की बाकीचं सगळं हलतं. येशूच्या स्वतःच्या घरीही हेच झालं. मार्क लिहितो की त्याच्या घरच्यांना त्याचं भान सुटलं आहे असं वाटलं आणि ते त्याला आवरायला निघाले. नासरेथ या त्याच्या गावच्या लोकांनी तर त्याला कड्यावरून लोटून द्यायचा प्रयत्न केला.

राज्याचीही तीच गत. त्या काळी रोमन साम्राज्यात शांतता होती, आणि ती टिकवण्याचं एक साधन होतं क्रूस. बंडखोरांना आणि पळालेल्या गुलामांना रस्त्याच्या कडेला खांबावर टांगलं की बाकीचे गप्प बसत. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा सुभेदार प्लिनी यानं सम्राट ट्राजनला ख्रिस्ती लोकांचं काय करावं, असं विचारणारं पत्र लिहिलं. त्याची कसोटी सोपी होती. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि मद्य वाहायचं, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे आणि सुटायचं. जे ऐकत नसत त्यांना मृत्युदंड. चिमूटभर धुपानं जीव वाचत होता, तरी काही जणांनी तो वाहिला नाही. याच पत्रात प्लिनी आणखी एक गोष्ट लिहून जातो : देवळं ओस पडली होती आणि बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं. बाजाराचं दुखणंही त्यात होतं. इफिस शहरात प्रेषित पौलाविरुद्ध दंगल उठली ती देमेत्रिय नावाच्या सोनारानं उठवली, कारण अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांवर त्याचं आणि त्याच्या कारागिरांचं पोट होतं. फिलिप्पैमध्ये पौलाला फटके बसले ते एका दासीला भूतबाधेतून सोडवल्याबद्दल. तिच्या भविष्यकथनावर तिचे मालक पैसा कमावत होते. धर्माच्या नावानं झालेल्या भांडणात कोणाचा पैसा अडकला आहे, हे दरवेळी पाहावं.

आता तुमच्या ‘स्मृतिचित्रे’कडे. लक्ष्मीबाईंचे पती, कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा मुंबईला १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. तेव्हा माणूस ख्रिस्ती झाला की तो जात, घर, पंगत, पाणवठा या सगळ्यातून बाहेर पडत असे. लोकांच्या तोंडी शब्द एकच : बाटला. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांचं सोवळं असं की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. अशा घरात वाढलेल्या बाईला एक दिवस कळतं की आपला नवरा बाटला. ना ती विधवा, ना सवाष्ण म्हणून मिरवायची सोय, पदरात लहान मुलगा. पुढली काही वर्षं ती नातेवाइकांच्या आश्रयानं राहिली. नंतर नवऱ्याकडे गेली तीही आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून, वेगळी चूल मांडून. तिचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, स्वतःच्या मनानं, स्वतःच्या वेळी.

या प्रसंगात आम्ही ख्रिस्ती लोक टिळकांचं धैर्य सांगतो आणि लक्ष्मीबाईंचं दुःख दोन वाक्यांत उरकतो. मला ते मान्य नाही. घाव दोघांनाही बसला. टिळकांनी तो जाणूनबुजून स्वीकारला होता, लक्ष्मीबाईंना कोणी विचारलंही नव्हतं. श्रद्धेची किंमत पुष्कळदा अशा माणसाला मोजावी लागते, ज्यानं ती श्रद्धा निवडलेलीच नसते. म्हणून लक्ष्मीबाईंचा राग, त्यांची हट्टानं मांडलेली वेगळी चूल हेही या विश्वासाच्या इतिहासाचा भाग आहे. टिळकांनी ती चूल मोडली नाही, हे मला त्यांच्या कवितांइतकंच मोलाचं वाटतं.

टिळकांचं घर एकटं नव्हतं. १८३९ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि शाळेतली मुलं पालकांनी भराभरा काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहिला होता. न्यायालयानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं, तर आता ब्राह्मण त्याला जातीत घेईनात. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली, आणि ख्रिस्ती धर्माशी काही देणंघेणं नसलेल्या त्या थोर माणसालाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. बेळगावचे बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या या लेखकाचं ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र वाचलं की मनातला आणि घरातला तो झगडा किती वर्षं चालू होता हे कळतं. सरकारला कायदे करावे लागले इतकी ही प्रकरणं वाढली. धर्म बदलला किंवा जातीबाहेर पडला म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही, हा कायदा १८५० चा. नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाली आणि दुसऱ्यानं त्यापायी नांदायला नकार दिला तर विवाह मोडता यावा, हा १८६६ चा. कायद्याच्या या कोरड्या कलमांमागे किती माजघरांतलं रडणं असेल!

याहून अवघड भाग पुढेच आहे. माणूस चर्चमध्ये आला म्हणजे संघर्ष मिटला, असंही होत नाही. पंडिता रमाबाईंचं उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. मायदेशी त्यांच्यावर टीकेचा पाऊस पडलाच, पण ज्या मठभगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्यांचं वाजलं. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना आज्ञापालन हवं होतं, आणि रमाबाईंना बायबल स्वतः वाचून, स्वतः पटवून घ्यायचं होतं. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी प्रश्न विचारले. मांसाहार करायला नकार दिला. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं विचारलं. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांनी निमूट मानली नाही. एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं आहे, दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. पुढे मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते १८९० मध्ये पुण्याला हलवलं, आणि तिथं १८९३ मध्ये वादळ उठलं. रमाबाईंच्या प्रार्थनेला विधवा मुली येऊन बसतात, एवढ्यावरून गहजब झाला. रानडे आणि भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. हिंदू समाजाला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि चर्चला पुरेशा ख्रिस्ती वाटल्या नाहीत. मला वाटतं, रमाबाई ख्रिस्ताच्या मागे किती खऱ्या अर्थानं चालल्या होत्या, ते या दुहेरी विरोधातच दिसतं.

टिळकांचंही शेवटी तेच झालं. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अनेक वर्षं काम केलं. पण ख्रिस्त मराठी माणसाला साहेबाच्या वेषात का भेटावा, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही तिथं जागा होती. २०२४ पर्यंत आपल्यात असलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हेही त्याच वाटेचे. वसईची हिरवी जमीन आणि पाणी वाचवायला ते ‘हरित वसई’च्या आंदोलनात उतरले, दहशतीपुढे उभे राहिले. फादरांनी मिस्सा सांगावी, हे उद्योग कशाला, असं म्हणणारे होतेच. उस्मानाबादच्या २०२० च्या मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं तेव्हा दुसऱ्या बाजूनं आक्षेप आला : धर्मगुरू कशाला?

मग शांतीचं काय? शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनं शिष्यांना शांती दिली, पण जग देतं तशी नव्हे असं सांगून दिली, आणि जगात तुम्हाला क्लेश होतील हेही त्याच बैठकीत सांगितलं. काही तासांनी त्याला अटक झाली. ती शांती अशी आहे की माणूस वाद टाळण्यासाठी खोटं बोलत नाही आणि वाद झाला म्हणून द्वेषानं पेटतही नाही. विश्वास धरला की नोकरी, बढती, आरोग्य, सुखी संसार सगळं ओळीनं मिळेल, असा प्रचार हल्ली सभांमधून ऐकू येतो. तो शुभवर्तमानातला नाही. आपल्या देशात ज्या दलित कुटुंबांनी हा विश्वास धरला, त्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी चर्चच्या बाकांवरही जात त्यांचा पिच्छा सोडत नाही. त्यांना सुखाचं आश्वासन विकणं क्रूर आहे.

आता तुमच्या नात्यातल्या तरुणाबद्दल. त्या घरातला प्रत्येक तंटा ख्रिस्तापायी आहे, असं धरून चालू नका. तो तरुणही तसं धरून चालत असेल तर त्याला काही गोष्टी विचाराव्या लागतील. आईच्या देव्हाऱ्याची त्यानं टिंगल केली का? घरच्या लग्नकार्यात तो पाय आपटत बाहेर पडला का? वडिलांच्या औषधपाण्याचा खर्च थांबवून तो पैसा सभेच्या वर्गणीत घातला का? तसं असेल तर ते भांडण त्याचं स्वतःचं आहे, येशूच्या नावावर त्यानं ते मांडू नये. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून जबाबदारी टाळणाऱ्यांना येशूनं भर सभेत फटकारलं आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात ते आहे. पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलं की विश्वास न धरलेला जोडीदार नांदायला राजी असेल तर विश्वासणाऱ्यानं त्याला सोडू नये. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर असं आहे की जो आपल्या घरच्यांना पोसत नाही तो अविश्वासी माणसापेक्षा वाईट. नातं तोडण्याचं पहिलं पाऊल विश्वासणाऱ्याकडून पडता कामा नये.

आणि यातलं काहीही त्यानं केलं नसेल, नुसता रविवारी प्रार्थनेला जात असेल, प्रसादाला नम्रपणे नाही म्हणत असेल, तरीही वडील बोलत नसतील, तर त्यांचा राग समजून घ्या. त्यांना वाटतंय की मुलगा हातचा गेला. तुम्ही दोघांच्याही ओळखीचे आहात. मुलाला सांगा की रोज घरी जेवायला जा, वडील बोलोत न बोलोत. आणि वडिलांच्या हाती ‘स्मृतिचित्रे’ द्या, टिळकांसाठी नव्हे, लक्ष्मीबाईंसाठी. त्यांची बाजू त्यांच्यासारख्याच घरातल्या एका बाईनं पुस्तकभर मांडून ठेवली आहे, तीही पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्यावर.