बिनकंपनीची सायकल

आमच्या विंगमध्ये जिन्याखाली एक काळी माउंटन बाइक उभी असते. तिच्यावर नाव नाही, स्टिकर नाही. येणारा-जाणारा दोनच प्रश्न विचारतो. पहिला, "केवढ्याला पडली?" आणि दुसरा, "कुठल्या कंपनीची?" पहिल्याचं उत्तर आम्ही चौघांनी घरीसुद्धा सांगितलेलं नाही, तेव्हा ते इथे छापून येणार नाही! दुसऱ्याचं उत्तर मात्र सांगण्यासारखं आहे. ती कुठल्याच कंपनीची नाही. कार्बनची फ्रेम आणि कार्बनच्या रिम्स चीनमधून मागवल्या, बाकीचे पार्ट्स मिळतील तिथून घेतले आणि जोडणी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये केली. हे करताना काय शिकलो ते या लेखात मांडतो आहे. उद्या कुणाला अशी सायकल बांधायची असेल, तर उपयोग होईल.

एक सूचना आधीच. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'प्रतिबल' आणि 'विकृती' हे शब्द वाचले की मला आधी स्ट्रेस-स्ट्रेन आठवत नाही, भलतंच काही आठवतं. त्यामुळे जिथे सायकलवाल्याच्या तोंडचा मराठी शब्द माहीत आहे तिथे तो, आणि बाकी सगळीकडे वर्कशॉपची भाषा.

जन्मच जुळवाजुळवीचा

पार्ट्स गोळा करून सायकल बांधणं हा काही भारतीय जुगाड नाही. माउंटन बाइकचा जन्मच तसा झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीमध्ये १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. मागच्या हबमध्येच ब्रेक असायचा. उतारावर तो इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून १९७६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. त्यांच्यातल्याच जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून खास स्टीलची फ्रेम बनवली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची 'स्टम्पजम्पर' आली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. म्हणजे आधी जोडणारे आले, कंपन्या नंतर आल्या.

कार्बन मजबूत असतो का?

याचं खरं उत्तर आहे, "कुठल्या दिशेने?" कार्बन फायबर म्हणजे काळा, केसापेक्षा बारीक धागा. जपानच्या टोरे कंपनीचा टी७०० हा धागा घेऊ. त्याची टेन्साइल स्ट्रेंग्थ ४९०० मेगापास्कल, मॉड्युलस २३० गिगापास्कल आणि घनता फक्त १.८. आकडे वाचून तोंडाला पाणी सुटतं. पण नुसत्या धाग्याची सायकल होत नाही. धागे इपॉक्सी रेझिनने बांधावे लागतात. साधारण ६० टक्के धागा आणि ४० टक्के रेझिन धरलं, तर रूल ऑफ मिक्स्चर्सने धाग्याच्या दिशेतला मॉड्युलस येतो सुमारे १३९ गिगापास्कल. अॅल्युमिनियमचा आहे ६९. म्हणजे दुप्पट, आणि वजन बरंच कमी. पण तोच थर आडवा ओढला, तर मॉड्युलस १० च्या आसपास घसरतो, कारण तिथे भार रेझिनवर येतो.

आपल्याकडची बांबूची कामठी आठवा. लांबीच्या दिशेने ओढून तुटत नाही, पण कोयत्याचा एक घाव घातला की सरळ उभी चिरते. कार्बनचा प्रत्येक थर तसाच असतो. म्हणून फ्रेममध्ये थर वेगवेगळ्या कोनांत लावतात. पॅडल मारताना डाउन ट्यूबला पीळ बसतो, तिथे ४५ अंशांचे थर जास्त हवेत. चेन-स्टेला लांबीचे थर हवेत. शेकडो तुकडे कापून, हाताने एकावर एक बसवून, आतून फुग्याने दाब देऊन गरम मोल्डमध्ये फ्रेम शिजवली जाते. एखादी सुरकुती राहिली किंवा हवा अडकली, तर ती बाहेरून दिसत नाही. वरचा रंग सगळं झाकतो.

दुसरी गोष्ट सेकंड इयरच्या एसओएम लॅबमधली. माइल्ड स्टीलचा तुकडा तुटण्याआधी यील्ड होतो, लांबतो, मान बारीक करतो. म्हणजे तो आपल्याला इशारा देतो. कार्बनमध्ये यील्ड पॉइंट नाही. तो सहन करतो, करतो आणि एका क्षणी कडाड! माउंटन बाइकवर उतारावर हे झालं, तर काय होईल ते सांगायला नको.

साचा तोच, पण आत काय?

नाव नसलेल्या फ्रेमबद्दल आमच्या चौघांत दोन तट पडले होते. एक म्हणायचा, "सगळ्या फ्रेम त्याच कारखान्यांत बनतात, कंपनी नुसतं स्टिकर लावून पैसे घेते." दुसरा म्हणायचा, "बिननावाचा माल म्हणजे भंगार." दोघांचंही अर्धंच खरं आहे. जगातल्या बहुतेक कार्बन फ्रेम तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत बनतात, हे बरोबर. काही कारखान्यांचे स्वतःचे साचे असतात आणि त्यातली फ्रेम ते कुणालाही विकतात. त्याला 'ओपन मोल्ड' म्हणतात. पण साचा ठरवतो फक्त बाहेरचा आकार. ताकद ठरते ती आतल्या थरांनी. एकाच साच्यातून चांगली फ्रेमही निघू शकते आणि वाईटही.

मग कंपनी पैसे कशाचे घेते? डिझाइन, जाहिरात, नफा हे आहेच. पण त्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे टेस्टिंग आणि त्यामागची जबाबदारी. सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे स्टँडर्ड आहे. त्यात फ्रेमवर २२.५ किलोचं वजन वरून पाडतात. पॅडलवर आलटून पालटून भार देतात, माउंटन बाइकसाठी १२०० न्यूटन म्हणजे जवळजवळ १२२ किलो, आणि तोही १ लाख वेळा. स्टिकर नसलेली फ्रेम घेतली, की 'हे कुणीतरी केलं असेल' असं गृहीत धरता येत नाही. ते विचारावं लागतं.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. एक, टेस्ट रिपोर्ट मागायचा, आणि तोही त्याच मॉडेलचा, त्याच साइझचा. रिपोर्ट न देणाऱ्याला नमस्कार. दोन, सर्वांत हलकी फ्रेम घ्यायची नाही. आमच्यातला एक जण ९० किलोचा आहे आणि शंभर ग्रॅम वाचवायचे असतील, तर त्याने मेसमध्ये वाचवावेत. तीन, हँडल आणि स्टेम अॅल्युमिनियमचे. तिथे काही तुटलं, तर सावरायला वेळच मिळत नाही.

किमतीबद्दल एवढंच सांगतो, की कस्टम्स ड्युटी नुसत्या फ्रेमच्या किमतीवर लागत नाही. किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर लागते. त्यावर पुन्हा टॅक्स. बजेट करताना हे आधी धरा.

मापं आधी, ऑर्डर नंतर

फ्रेम म्हणजे सहा-सात जोडांचा एक काळा सांगाडा. प्रत्येक जोडाचं स्टँडर्ड वेगळं. ऑर्डर देण्याआधी आम्ही एका वहीत हे लिहून काढलं :

१) चाक : २९ इंची म्हणजे रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिमी. २७.५ इंचीला ५८४ आणि जुन्या २६ इंचीला ५५९.

२) हब : 'बूस्ट' मापात पुढे ११० आणि मागे १४८ मिमी. जुना १४२ चा हब यात तसाच बसत नाही.

३) हेडसेट : पुढच्या चिमट्याची, म्हणजे फोर्कची दांडी वर सव्वा इंचाच्या आत (१ पूर्णांक १/८) आणि खाली दीड इंच. म्हणून वरचं आणि खालचं बेअरिंग वेगवेगळं.

४) बॉटम ब्रॅकेट : आट्यांचा की दाबून बसवायचा? आम्ही ७३ मिमीचा आट्यांचा घेतला. सह्याद्रीच्या पावसात चिखल जाणारच आणि दाबून बसवलेलं बेअरिंग थोडं जरी सैल असलं, तरी कुरकुर करतं. लक्षात ठेवा, यात उजव्या बाजूच्या आट्या उलट्या असतात, म्हणजे चेनच्या बाजूचा कप घड्याळाच्या उलट दिशेने आवळला जातो.

५) सीटपोस्ट : ३१.६ की ३०.९ मिमी? ०.७ मिमीचा फरक 'चालवून घेऊ' म्हणून चालत नाही.

६) मागचा डिरेलर हँगर : २०१९ मध्ये स्रॅमने सर्वांसाठी खुलं केलेलं माप फ्रेमला असेल तर उत्तम. पडलात, हँगर वाकला, तर नवीन मिळतो.

खोकं उघडल्यावर फ्रेम थेट मेट्रॉलॉजी लॅबमध्ये नेली. बोअर चार दिशांनी मोजले, आत टॉर्च मारून सुरकुत्या पाहिल्या, नाण्याने टिचक्या मारत सगळ्या नळ्यांवरून फिरलो. घट्ट ठिकाणी आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. मग मागचा अॅक्सल पक्का धरून बॉटम ब्रॅकेटवर वाळूच्या पिशव्या टांगल्या आणि डायल गेज लावला. वजन काढल्यावर काटा शून्यावर परत आला. आम्ही टाळ्या वाजवणार, एवढ्यात सर म्हणाले, "फ्रेम चांगली आहे असं ही टेस्ट सांगत नाही. ती उघड वाईट नाही, एवढंच सांगते." हे वाक्य मी वर्कशॉपच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय.

चाक आणि अकरावीचं गणित

कोसाइन रूल आयुष्यात कुठे लागतो, असा प्रश्न अकरावीत पडला असेल, तर उत्तर घ्या : स्पोकची लांबी काढायला. प्रत्येक चाकात २८ स्पोक, म्हणजे हबच्या एका बाजूला १४. दोन भोकांमधला कोन ३६० भागिले १४, म्हणजे २५.७ अंश. स्पोक तीन वेळा क्रॉस करायचा, म्हणून ७७.१ अंश. रिमची त्रिज्या (निपल बसते तिथवर) २९९ मिमी, हबच्या भोकांची त्रिज्या २९, आणि चाकाच्या मध्यापासून फ्लँज २२ मिमी बाजूला. आता २९९, २९ आणि २२ यांच्या वर्गांची बेरीज करा : ९०,७२६. त्यातून २ × २९९ × २९ × कोसाइन ७७.१ म्हणजे सुमारे ३,८६० वजा करा. वर्गमूळ येतं २९४.७. त्यातून भोकाची त्रिज्या १.३ वजा केली, की २९३.४ मिमी. आम्ही २९३ चे स्पोक घेतले. दुसऱ्या बाजूच्या फ्लँजचं अंतर वेगळं असतं, म्हणून तिथलं गणित पुन्हा करायचं.

कार्बन रिमचा आउट काढणं लोखंडी रिमपेक्षा वेगळं आहे. रिम स्वतः इतकी ताठ असते, की स्पोक असमान ताणलेले असले, तरी ती सरळ फिरते आणि आपल्याला फसवते. म्हणून डोळ्यांपेक्षा टेन्शन मीटरवर विश्वास ठेवायचा. आमच्या रिमची मर्यादा एका स्पोकला १२० किलो होती. अठ्ठावीस स्पोक मिळून होणारा ताण टनांत जातो! सायकलवर बसल्यावर खालच्या स्पोकचा ताण वाढत नाही, उलट थोडा कमी होतो. तो कमी होऊनही शिल्लक राहावा, म्हणून आधीच एवढं ताणून ठेवायचं.

पाना किती आवळायचा?

आपल्याकडे उत्तर ठरलेलं : "टाइट होईपर्यंत, मग अजून अर्धा फेरा." कार्बनवर हाच अर्धा फेरा महागात पडतो. गणित करू. स्टेमचा एम५ बोल्ट ५ न्यूटन-मीटरला आवळला. टॉर्क बरोबर ०.२ × व्यास × बल, हे थंब रूल घेतलं, तर बल येतं ५००० न्यूटन, म्हणजे जवळजवळ अर्धा टन. आणि हे एका बोटभर बोल्टचं! शंभर मिमी लांबीच्या अॅलन कीवर १० किलोचा जोर दिला, की टॉर्क १० न्यूटन-मीटरच्या घरात जातो, म्हणजे दुप्पट. हाताला ते कळतही नाही. सीट क्लॅम्पवर हे केलं, तर पातळ कार्बनची नळी चिरडते.

म्हणून टॉर्क रेंच हवाच. स्टेम ५, शिमानो क्रँकचे बाजूचे बोल्ट १२ ते १४, कॅसेटची लॉकरिंग ४० न्यूटन-मीटर. पार्टवर वेगळा आकडा छापला असेल, तर तोच खरा. सीटपोस्टला ग्रीस लावू नका. त्यासाठी बारीक कण असलेली कार्बन पेस्ट मिळते, तिने कमी टॉर्कमध्येही पकड बसते. आणि सीटपोस्ट अॅल्युमिनियमची असेल, तर अधूनमधून काढून पुसा. कार्बन, अॅल्युमिनियम आणि पावसाचं पाणी एकत्र आलं, की गॅल्व्हॅनिक करोजन सुरू होतं. एफईच्या केमिस्ट्रीत पाठ केलं होतं तेच. मग सीटपोस्ट आत कायमची बसते.

चालवण्याआधी

पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे आणि स्पोकचा ताण पुन्हा मोजायचा. जोरात पडलात, तर फ्रेम पुसून नाण्याची टिचकी घ्या, केसाएवढी रेघ दिसली तरी सायकल बाजूला ठेवा. "वरचा रंग गेलाय नुसता" असं स्वतःला समजावू नका. लोखंडी फ्रेम वाकली तर वेल्डिंगवाल्याकडे नेता येते, इथे ती सोय नाही.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, की सरळ दुकानातून घेतलेली काय वाईट? अजिबात वाईट नाही. घाई असेल, टॉर्क रेंच मिळणार नसेल, किंवा रिपोर्ट मागायचा कंटाळा असेल, तर दुकानातूनच घ्या. तिथे तुमच्या वतीने कुणीतरी मोजलेलं असतं. बिनकंपनीच्या सायकलवर कंपनी तुम्हीच असता. मोजायचं तुम्ही, आवळायचं तुम्ही, आणि मित्र तिच्यावर बसून उतारावर निघाला की काळजीही तुम्हीच करायची.

ज्यांना बांधायची आहे, त्यांनी आमची वही जरूर न्यावी. मापं, टॉर्क आणि स्पोकचं गणित सगळं त्यात आहे. फक्त येताना स्वतःचं व्हर्निअर घेऊन या, आमचं अजून कुणीतरी परत केलेलं नाही!